रावबहादुर मुधोळकर आणि औद्योगिक परिषदेचें अमरावतीचें दप्तर

इ. स. १९१२ हें वर्ष वऱ्हाडच्या इतिहासांत दोन कारणांनीं लक्षांत ठेवण्यासारखें आहे. त्या वर्षीं अकोल्यास हरि नारायण आपटे यांच्या अध्यक्षतेखालीं मराठी साहित्य संमेलन भरलें. आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरांत अमरावतीचे वकील रावबहादुर रघुनाथ नरसिंह मुधोळकर हे बांकीपूर येथें भरलेल्या राष्ट्रीय सभेच्या सत्ताविसाव्या अधिवेशनाचे अध्यक्ष झाले. पहिल्या गोष्टीची आठवण वाङ्मयप्रेमी मंडळी ठेवितात. दुसरीची आठवण अध्यक्षांच्या नामावळींतील एका ओळीपुरती उरली आहे. आम्हीं तीस वर्षांहून अधिक काळ शाळेंत अध्यापन केलें. राष्ट्रीय सभेचे अध्यक्ष अनुक्रमानें म्हणून दाखविणारे विद्यार्थी आम्हांस पुष्कळ भेटले. परंतु मुधोळकरांनीं केलें काय, असें विचारतांच वर्ग निरुत्तर होत असे. आणि खरें सांगावयाचें तर पुष्कळ दिवस शिक्षकही निरुत्तरच होता.

मुधोळकरांचें साद्यंत चरित्र लिहावें हा प्रस्तुत लेखाचा हेतु नाहीं. आमचें म्हणणें एवढेंच कीं, त्यांचें खरें कार्य अध्यक्षाच्या आसनावर झालें नसून चिटणिसाच्या मेजावर झालें. आज मोठमोठ्या कंपन्यांत सरकारशीं पत्रव्यवहार करणें, वर्तमानपत्रांस माहिती पुरविणें, लोकांपुढें उद्योगाची बाजू मांडणें आणि त्यासंबंधीं अहवाल व पुस्तकें लिहिणें, एवढ्याच कामासाठीं स्वतंत्र खातें असतें व त्यावर पगारी अधिकारी असतात. ही जागा जेव्हां कोणत्याही देशी कारखान्यांत निर्माण झालेली नव्हती, तेव्हां हें काम एका कारखान्याकरितां नव्हे, तर सबंध देशाच्या उद्योगांकरितां अमरावतीसारख्या कापसाच्या गांवीं चाललें होतें. ही गोष्ट वऱ्हाडच्या लोकांनीं विसरूं नये, म्हणून हा प्रपंच.

२

वऱ्हाडची त्या काळची स्थिति ध्यानांत घेतल्यावांचून या कार्याचा उगम कळावयाचा नाहीं. इ. स. १८५३ च्या तहान्वयें निजामानें वऱ्हाड इंग्रजांच्या स्वाधीन केलें. राज्य निजामाचें आणि कारभार हैदराबादच्या रेसिडेंटाचा, अशी ही द्विधा अवस्था पन्नास वर्षें चालली. इ. स. १९०२ मध्यें सालीना पंचवीस लक्ष रुपयांवर कायमचा पट्टा झाला व पुढील वर्षीं वऱ्हाडचा कारभार मध्यप्रांतास जोडण्यांत आला. मुंबई-मद्रासेस जसें कायदेमंडळ होतें तसें येथें नव्हतें. येथील रयतेस अगर व्यापाऱ्यास आपलें म्हणणें सांगावयाचें झाल्यास अर्ज लिहिणें व तो योग्य ठिकाणीं पोंचविणें, एवढाच मार्ग होता. ज्या प्रांतास बोलण्याची जागा नसते, त्यास लिहिणाऱ्या माणसाची गरज अधिक असते.

दुसरी गोष्ट कापसाची. इ. स. १८६१ ते १८६५ पर्यंत अमेरिकेंत यादवी युद्ध चाललें, तेथील कापूस मँचेस्टरास पोंचेना, आणि वऱ्हाडच्या काळ्या जमिनीकडे अकस्मात् सर्व जगाचे डोळे वळले. इ. स. १८६७ मध्यें आगगाडी नागपुरास पोंचली, इ. स. १८७० मध्यें खामगांवची शाखा उघडण्यास प्रत्यक्ष व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आला. जिन व प्रेस यांचीं धुराडीं उभीं राहिलीं. परंतु या धुराड्यांखालीं होत असे तें काम एवढेंच कीं, सरकी वेगळी काढावी, रुईच्या गठाणी दाबून बांधाव्या आणि त्या मुंबईच्या वाटेस लावाव्या. सूत निघे दुसरीकडे, कापड होई तिसरीकडे, आणि तेंच कापड फिरून अमरावतीच्या दुकानांत विकावयास येई. जमशेटजी टाटांनीं इ. स. १८७७ मध्यें नागपुरास एम्प्रेस मिल सुरू केली, तेव्हां हा क्रम बदलतां येतो हें दिसलें. बडनेऱ्यास व पुढें अकोल्यासही गिरण्या निघाल्या. तथापि पिकाच्या मानानें त्या थोड्याच.

३

या परिस्थितींत मुधोळकर अमरावतीस आले. त्यांचा जन्म धुळें येथें ता. १६ मे १८५७ रोजीं झाला. मुंबईस एल्फिन्स्टन कॉलेजांत शिक्षण घेऊन व तेथेंच कांहीं काळ फेलो राहून ते कायद्याची परीक्षा उतरले आणि इ. स. १८८० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांतच अमरावतीस वकिलीस बसले. वकिली उत्तम चालली. वऱ्हाड सार्वजनिक सभेच्या संस्थापकांत ते होते, आणि या सभेच्या अर्जांतून त्यांची लेखणी तयार झाली. न्यायालयांत कैफियत लिहिणारा आणि सभेचा अर्ज लिहिणारा हे दोघे एकाच हाताचे असले म्हणजे एक लाभ होतो. पुराव्यावांचून वाक्य लिहावयाचें नाहीं, ही संवय अर्जासही लागते.

इ. स. १८९० मध्यें राष्ट्रीय सभेनें विलायतेंतील लोकमतापुढें कायदेमंडळांच्या सुधारणेची मागणी मांडण्यासाठीं शिष्टमंडळ पाठविलें. ह्यूम, अर्डली नॉर्टन आणि सुरेंद्रनाथ बानर्जी यांच्यासमवेत त्यांत मुधोळकर होते. त्या वेळीं त्यांचें वय अवघें तेहतीस वर्षांचें होतें. सुरेंद्रनाथांच्या वक्तृत्वापुढें इतरांचीं भाषणें झांकलीं जाणें स्वाभाविक होतें. पण आपणांस ओळखत नसलेल्या श्रोत्यांपुढें, त्यांच्या भाषेंत, त्यांस समजेल अशा दाखल्यांनीं आपली बाजू मांडणें ही जी विद्या, ती मुधोळकरांस येथें प्रत्यक्ष गुरुगृहीं राहिल्याप्रमाणें शिकावयास सांपडली.

इ. स. १८९७ मध्यें राष्ट्रीय सभेचें अधिवेशन अमरावतीसच भरलें. अध्यक्ष शंकरन् नायर होते. स्वागताध्यक्ष दादासाहेब खापर्डे. लोकमान्य टिळक त्या समयीं तुरुंगांत होते. खापर्डे आणि मुधोळकर हे अमरावतीचे दोन थोर वकील त्या मंडपांत एकत्र दिसले. पुढें दहा वर्षांनीं सुरतेस ते भिन्न पक्षांत उभे राहावयाचे होते.

४

उद्योगधंद्यांचा विचार परिषदेच्या रूपानें करावा ही कल्पना मूळची न्यायमूर्ति रानड्यांची. त्यांनीं इ. स. १८९० मध्यें पुण्यास औद्योगिक परिषद भरविली होती. इ. स. १९०१ पासून राष्ट्रीय सभेच्या अधिवेशनाबरोबर देशी मालाचें प्रदर्शन मांडण्याचा प्रघात कलकत्त्यास पडला. प्रदर्शनांत माल दिसतो. पण तो कां होत नाहीं, महाग कां पडतो, भांडवल कोठून आणावें, शिकलेला कारागीर कोठें मिळेल, या प्रश्नांचीं उत्तरें प्रदर्शनांत मिळत नाहींत. म्हणून इ. स. १९०५ मध्यें, गोपाळराव गोखल्यांच्या अध्यक्षतेखालीं काशीस राष्ट्रीय सभा भरली असतां, तिच्याबरोबरच पहिली अखिल हिंदी औद्योगिक परिषद भरली. अध्यक्ष होते रमेशचंद्र दत्त. पुढील वर्षीं कलकत्त्यास विठ्ठलदास दामोदर ठाकरसी अध्यक्ष झाले. अध्यक्ष वर्षावर्षांस बदलत. दप्तर मात्र एके ठिकाणीं राहणें अवश्य होतें. परिषदेचे चिटणीस मुधोळकर, म्हणून तें दप्तर अमरावतीस राहिलें. सी. वाय. चिंतामणि, जे पुढें अलाहाबादच्या 'लीडर' पत्राचे संपादक म्हणून सर्वत्र प्रसिद्धीस आले, ते कांहीं काळ या कामीं मुधोळकरांचे साहाय्यक होते.

परिषद वर्षांतून दोनतीन दिवस भरे. दप्तर बारा महिने चाले. निरनिराळ्या प्रांतांतील जाणत्या लोकांकडून निबंध मागवावे, ते वेळेवर न आल्यास पुनः स्मरणपत्रें धाडावीं, आलेले निबंध तपासून छापावे, ठराव सरकारकडे पाठवावे, सरकारचीं उत्तरें प्रांतिक समित्यांस कळवावीं, असा हा उद्योग होता. परिषदेचे वार्षिक अहवाल 'अमरावती' हें प्रकाशनस्थळ मुखपृष्ठावर घेऊन सर्व देशांत जात. त्यांत विणकाम, साखर, रंग, चामडें, तेलाच्या घाण्या, पेढ्या, औद्योगिक शिक्षण, अशा विषयांवरील लेख एके ठिकाणीं येत. मुधोळकरांचें ग्रंथकर्तृत्व शोधावयाचें तर तें येथें शोधावें. स्वतःच्या नांवाचा एकादा मोठा ग्रंथ लिहिण्याऐवजीं त्यांनीं इतरांकडून लिहवून घेतलें, तें जुळविलें आणि टिकविलें.

या दप्तरांतून निघालेल्या दोन पुस्तकांचा विशेष उल्लेख करणें अवश्य आहे. एक देशी माल व उद्योग यांची निर्देशिका. दुसरी औद्योगिक शिक्षणसंस्थांची. वंगभंगानंतर स्वदेशीची शपथ गांवोगांव घेतली गेली. परंतु शपथ घेणाऱ्यास दुसऱ्याच दिवशीं प्रश्न पडे कीं, आगकाडी देशी कोणती, साबण कोठला, दौतीची शाई कोण करतो, आणि हें सर्व आपल्या गांवच्या दुकानदारानें कोणाकडे पत्र लिहून मागवावें. या प्रश्नास आवेशाच्या व्याख्यानानें उत्तर मिळत नाहीं, यादीनें मिळतें. आम्ही संस्कृताचे विद्यार्थी. अमरकोशांत काव्य नाहीं. परंतु तो पाठ नसलेला विद्यार्थी काव्याच्या पहिल्या सर्गासच अडखळतो, हें आम्हांस अनुभवानें माहीत आहे. स्वदेशीच्या काव्यास कोश पुरविण्याचें काम मुधोळकरांच्या दप्तरानें केलें. त्याच सुमारास महाराष्ट्रांत पैसाफंडानें एकेक पैसा गोळा करून तळेगांवास कांचेचा कारखाना काढला. एकानें पैसा गोळा केला, दुसऱ्यानें माहिती. पहिल्याची कीर्ति झाली व ती योग्यच आहे. दुसऱ्याचें कार्य कपाटांत राहिलें.

इ. स. १९०७ च्या सुरतेच्या प्रसंगाकडे या दृष्टीनें पाहण्यासारखें आहे. राष्ट्रीय सभेचा मंडप त्या वर्षीं उधळला, हें सर्वांस ठाऊक आहे. पण त्याच सुरतेस त्याच डिसेंबरांत औद्योगिक परिषद भरली, निबंध वाचले गेले आणि ते पुढें छापूनही निघाले, हें थोड्यांस ठाऊक आहे. जहाल व मवाळ हे स्वराज्याच्या साधनांविषयीं भांडत होते, त्यांतील कोणाचाही 'हातमागास सूत कोठून पुरवावें' या प्रश्नाशीं वाद नव्हता.

५

येथें दोन आक्षेप येतात, आणि त्यांचा विचार केल्यावांचून पुढें जाणें न्यायाचें होणार नाहीं.

पहिला आक्षेप असा कीं, हें सर्व अर्जविनंत्यांचें राजकारण. त्यानें काय साधलें? उत्तरादाखल कापडावरील जकातीचें उदाहरण पाहावें. विलायती कापडावरील आयात जकातीचा समतोल राखण्याकरितां म्हणून इ. स. १८९६ पासून सरकारनें हिंदी गिरण्यांच्या कापडावर शेंकडा साडेतीन टक्के कर बसविला. मँचेस्टरच्या समाधानासाठीं येथील मालावर येथेंच बसविलेला हा कर अन्यायाचा आहे, असें राष्ट्रीय सभेनें, गिरणीमालकांनीं व अर्थशास्त्र जाणणाऱ्या लेखकांनीं वर्षानुवर्षें मांडलें. इ. स. १९२५ च्या अखेरीस त्याची वसुली थांबली व पुढील वर्षीं तो रद्द झाला. म्हणजे एका साध्या न्यायास तीस वर्षें लागलीं, आणि मुधोळकर तर ता. १३ जानेवारी १९२१ रोजींच निवर्तले. केवळ अर्जानें कर उठला असें आम्ही म्हणत नाहीं. लोकमान्यांच्या व गांधीजींच्या चळवळींनीं सरकारवर जें दडपण आलें त्याचा वांटा मोठा आहे. पण दडपण आल्यावर सरकारनें जें मान्य करावयाचें, तें आंकड्यांसह आधीं लिहून ठेवलेलें असावें लागतें. इ. स. १९१६ मध्यें सरकारनें हॉलंड यांच्या अध्यक्षतेखालीं औद्योगिक कमिशन नेमलें, तेव्हां जे प्रश्न त्यापुढें आले, ते औद्योगिक परिषदेच्या अहवालांत दहा वर्षें चर्चिले गेलेले होते.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. मुधोळकर हे लोकांचे पुढारी खरे. पण नव्या व्यापारी व औद्योगिक मंडळ्या निघाव्या म्हणून झटणारेही तेच. उद्योगाची बाजू मांडणारा मनुष्य लोकांची बाजू मांडतो असें कशावरून समजावें? कौटिल्यानें दूतांचे तीन प्रकार सांगितले आहेत. एक केवळ लेख पोंचविणारा. दुसरा ठराविक मर्यादेंत बोलणारा. आणि तिसरा, ज्यास सर्व प्रयोजन सोंपविलेलें आहे असा निसृष्टार्थ. त्यानें या तिघांस गुणांची मात्राही चढत्या क्रमानें लाविली आहे. विलायतेच्या शिष्टमंडळांत मुधोळकर दुसऱ्या प्रकारचे दूत होते. राष्ट्रीय सभेचे ठराव हीच त्यांची मर्यादा. औद्योगिक परिषदेंत मात्र ते निसृष्टार्थ झाले. तथापि निसृष्टार्थासही एक प्रश्न सुटत नाहीं, तो हा कीं, आपणांस पाठविणारा कोण?

जेथें गिरणीमालकाचें व लोकांचें हित एक होतें, तेथें अडचण नव्हती. कापडावरील कर हें त्याचें उदाहरण आहे. पण इ. स. १९११ चा कारखान्यांचा कायदा घ्या. त्यानें कापडगिरण्यांतील प्रौढ पुरुषांचे कामाचे तास दिवसास बारांवर आणिले. बारा तास ही ज्या कायद्याची दया, त्याच्या पूर्वीची स्थिति काय असेल तें वाचकांनींच कल्पावें. अशा प्रसंगीं उद्योगाचें हित व उद्योगांत राबणाऱ्याचें हित या दोन गोष्टी होतात, आणि दोघांची वकिली एका चिटणिसास करितां येत नाहीं. हा दोष मुधोळकरांच्या प्रामाणिकपणाचा नव्हे, त्या जागेचाच आहे. आणि आजही त्या जागेवर बसणाऱ्यांस तो सुटलेला नाहीं.

शिवाय अहवालांची भाषा इंग्रजी. सरकारास व प्रांतोप्रांतींच्या विद्वानांस ती सोयीची होती. पण अकोल्याच्या बाजारांत कापसाची गाडी घेऊन उभ्या असलेल्या कुणब्यास आपल्याच कापसाविषयीं अमरावतीस काय लिहिलें जात आहे, याची गंधवार्ता लागण्याचा मार्ग नव्हता.

६

हा कुणबी हाच या इतिहासांतील न बोललेला पक्षकार होय. उद्योगाचें दप्तर अमरावतीस होतें. कापूस पिकविणाऱ्याचें दप्तर कोठेंच नव्हतें. बाजाराच्या नियमनांत वऱ्हाड सर्व देशाच्या पुढें होतें, ही गोष्ट आम्ही अभिमानानें सांगतों. इ. स. १८८६ मध्यें कारंजें येथें नियमबद्ध कापूसबाजार सुरू झाला, इ. स. १८९७ मध्यें वऱ्हाडच्या कापूस व धान्य बाजारांचा कायदा झाला. अडत किती, तोलाई किती, हें यांतून ठरूं लागलें. इ. स. १९२८ मध्यें शेतकीविषयक रॉयल कमिशननें असे नियमबद्ध बाजार इतरत्रही व्हावे अशी शिफारस केली. पण बाजाराच्या समितींत प्राबल्य व्यापाऱ्यांचें. ज्याची गाडी तोलली जावयाची तो बाहेर उभा, आणि तोलाचे नियम करणारे आंत बसलेले, अशी ती व्यवस्था होती.

ही उणीव भरून काढण्याचा मोठा प्रयत्न पुढें ज्यांनीं केला, तेही अमरावती जिल्ह्याचेच. पापळचे डॉ. पंजाबराव देशमुख ऑक्सफर्डास गेले, आणि तेथें त्यांनीं वैदिक वाङ्मयांतील धर्माच्या उगमविकासावर प्रबंध लिहून पदवी मिळविली. संस्कृताच्या शिक्षकास ही गोष्ट सांगतांना थोडा अभिमान वाटल्यास वाचक क्षमा करतील. परत आल्यावर त्यांनीं अमरावतीस शिवाजी शिक्षणसंस्था काढून शेतकऱ्यांच्या मुलांस शाळेचा दरवाजा उघडला. इ. स. १९५२ ते १९६२ पर्यंत ते केंद्र सरकारांत शेतकीमंत्री होते, आणि इ. स. १९५५ मध्यें त्यांनीं भारत कृषक समाज स्थापिला. शेतकऱ्यांस आपलें म्हणणें स्वतः मांडतां यावें, म्हणजे त्यांसही एक दप्तर असावें, हा त्यामागील भाव. त्यांच्या निधनानंतर चार वर्षांनीं, इ. स. १९६९ मध्यें, अकोल्यास जें कृषिविद्यापीठ झालें, त्यास त्यांचेंच नांव देण्यांत आलें. अमरावतीच्या औद्योगिक दप्तरापासून अकोल्याच्या कृषिविद्यापीठापर्यंत अंतर फार नाहीं. पण तें चालून जाण्यास वऱ्हाडास साठांहून अधिक वर्षें लागलीं.

मुधोळकर व पंजाबराव यांचीं मतें भिन्न, काळ भिन्न, पाठीराखे भिन्न. मुधोळकर मवाळ म्हणून जगले, इ. स. १९१४ मध्यें त्यांस सरकारनें सी. आय. ई. ही पदवी दिली, आणि राष्ट्रीय सभेंत नव्या वाऱ्यांचा जोर झाल्यावर ते लिबरल पक्षाबरोबर गेले. म्हणूनच त्यांचें नांव मागें पडलें, असें आम्हांस वाटतें. तें एकपरी समजण्यासारखें आहे. पण इतिहाससंशोधकानें पक्ष पाहून कार्याचें माप घेऊं नये. ज्या मनुष्यानें देशांत कोठें काय तयार होतें याची यादी करविली, त्याची दखल इतिहासाच्या यादींत असावी, ही मागणी फार मोठी नव्हे.

शेवटीं एक विनंती. अमरावती, अकोला, खामगांव, कारंजें येथील जुन्या वाड्यांत अडतीच्या वह्या, जिन-प्रेसचीं हिशेबपुस्तकें, सार्वजनिक सभेचे अर्ज, औद्योगिक परिषदेचे अहवाल अथवा निर्देशिका यांपैकीं जें कांहीं माळ्यावर असेल, तें रद्दीवाल्यास देण्यापूर्वीं आमच्या मंडळास एकवार दाखवावें. बखरी व सनदा यांचा शोध आपण तीन पिढ्या केला आणि तो चालूच राहावा. पण तोलाईच्या पावतींतही राज्यकारभार लिहिलेला असतो. तिच्यावर मुधोळकरांच्या दप्तराचें नांव सांपडलें तर आनंदच आहे. एकाद्या कुणब्याचा अंगठा सांपडला, तर त्याचीही नोंद मंडळानें तितक्याच आदरानें घ्यावी.